इंग्रजीतले बाहेरून आलेले शब्द कसे शिकायचे: नवीन सुरुवात करणाऱ्यांसाठी

इंग्रजीच्या परीक्षेची तयारी करताना मी रोज तीस शब्द पाठ करायचे. महिनाभराने बघितलं तर निम्मेसुद्धा आठवत नव्हते, स्पेलिंगची तर गोष्टच सोडा. त्यातच एकदा भर वर्गात उतारा वाचताना 'डेब्री' हा शब्द मी 'डेब्रिस' असा वाचला, एकदा नाही दोनदा, आणि तास संपल्यावर सरांनी थांबवून सांगितलं की अगं हा फ्रेंच शब्द आहे, शेवटचा एस बोलायचा नसतो. तेव्हा मला एकच वाटलं, ही एवढी साधी गोष्ट शब्दांच्या यादीत का लिहिलेली नसते?

नंतर अमेरिकेतल्या नॅशनल स्पेलिंग बी स्पर्धेचे व्हिडिओ बघायला लागले. ही स्पर्धा १९२५ पासून चालू आहे. त्यात मुलं माइकसमोर उभी राहतात आणि शब्द ऐकल्यावर स्पेलिंग सांगायच्या आधी विचारतात की हा शब्द कुठल्या भाषेतून आलाय. हे विचारायला त्यांना परवानगी असते. उत्तर मिळालं की अर्धं स्पेलिंग तिथंच सुटतं, कारण ग्रीक म्हटलं की फ च्या आवाजाला पी-एच, फ्रेंच म्हटलं की शेवटचं अक्षर मुकं असू शकतं, असे त्यांचे हिशोब तयार असतात. मग मीही तसंच करायला लागले आणि खरंच फरक पडला. ते सगळं इथं क्रमाने लिहितेय.

आधी हे जवळ ठेवा

- व्युत्पत्ती देणारी डिक्शनरी. खिशातल्या छोट्या डिक्शनरीत आणि बहुतेक शब्दांच्या ॲपमध्ये शब्दाचं मूळ दिलेलं नसतं, त्यामुळे त्या इथं कामाच्या नाहीत. मेरियम-वेबस्टरची ऑनलाइन डिक्शनरी फुकट आहे, त्यात मूळही असतं आणि शब्द इंग्रजीत पहिल्यांदा कधी सापडतो ते सालही. एटिमऑनलाइन ही साइट फक्त व्युत्पत्तीसाठीच आहे, तीही फुकट. सगळ्यात खोलात जाणारी म्हणजे ऑक्सफर्डची मोठी डिक्शनरी, जिचा पहिला भाग १८८४ ला आला आणि पहिली आवृत्ती पूर्ण व्हायला १९२८ उजाडलं. ती ऑनलाइन पूर्ण बघायला पैसे पडतात, पण लायब्ररीचं सभासदत्व असेल तर तिथून मिळते का ते जरूर विचारा.
- आपल्याकडून गेलेल्या शब्दांसाठी हॉब्सन-जॉब्सन, १८८६ चा कोश. वाचायला फार रंजक आहे, पण जुना आहे, म्हणून त्यातली माहिती आजच्या डिक्शनरीशी ताडून बघायची.
- उच्चार ऐकवणारी कुठलीही डिक्शनरी.
- एक वही. हो, कागदाचीच, का ते शेवटच्या स्टेपमध्ये सांगते.

१. नोंद वाचायला शिका

डिक्शनरीत शब्दाच्या शेवटी किंवा सुरुवातीला चौकटी कंसात बारीक अक्षरात काहीतरी लिहिलेलं असतं आणि आपण ते कायम सोडून देतो. तिथंच सगळा माल आहे. छापील डिक्शनरीत भाषांची नावं बहुतेक आद्याक्षरांत असतात: ओ-ई म्हणजे जुनी इंग्रजी, ओ-एन म्हणजे जुनी नॉर्स, ओ-एफ म्हणजे जुनी फ्रेंच, नुसता एल म्हणजे लॅटिन. सुरुवातीला एवढी ओळखता आली तरी पुरे.

आता 'ऑरेंज' उघडून बघा. इंग्रजीने तो जुन्या फ्रेंचकडून घेतला, मागे जात राहिलं की अरबी 'नारंज', त्याच्या मागे फारसी 'नारंग', त्याच्या मागे संस्कृत 'नारंग', आणि त्याच्याही मागे बहुधा द्राविडी भाषा. आपल्या नारिंगी रंगाचाच हा नातेवाईक. मग सुरुवातीचा न कुठे गेला? तो युरोपातल्या भाषांमध्ये शिरताना गळाला. इंग्रजीत हा प्रकार दुसऱ्या शब्दांतही झालाय. 'एप्रन' आधी 'नेप्रन' होता, पण 'अ नेप्रन' बोलता बोलता लोकांना 'ॲन एप्रन' ऐकू यायला लागलं आणि तो न कायमचा आधीच्या शब्दाला चिकटला.

इथं पहिला घोळ होतो तो असा, की साखळीतलं शेवटचं नाव वाचून लोक म्हणतात ऑरेंज संस्कृतमधून आला. तो मुळात तिकडचा, बरोबर, पण इंग्रजीच्या हातात दिला फ्रेंचने, आणि स्पेलिंग-उच्चार ठरतात ते हातात देणाऱ्यावरून. म्हणून दोन गोष्टी वेगळ्या लिहायच्या, 'कोणाकडून घेतला' आणि 'मुळात कुठला'.

२. चार मोठे प्रवाह ओळखा

सगळ्या भाषा एकदम घेऊ नका, दमाल. इंग्रजीच्या शब्दसंपत्तीचा निम्म्याहून मोठा भाग फ्रेंच आणि लॅटिनमधून आलाय, त्यामुळे तिथून सुरुवात केली की कष्टांचं चीज होतं.

नॉर्स: व्हायकिंग लोक इंग्लंडमध्ये येऊन राहिले, त्यांची भाषा. स्काय, एग, नाइफ, लॉ, आणि चक्क 'दे' हे सर्वनामसुद्धा त्यांचं. 'विंडो' म्हणजे मुळात वाऱ्याचा डोळा. एस-के चा आवाज ही त्यांची खूण, म्हणून एकाच मुळातून इंग्रजीचा स्वतःचा 'शर्ट' आणि नॉर्सचा 'स्कर्ट' असे दोन शब्द झाले. हे शब्द इतके रुळलेत की शिकणाऱ्याला त्यांचा त्रास होत नाही, पुढे चला.

फ्रेंच: १०६६ ला फ्रान्समधल्या नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकलं आणि राज्यकारभार, कोर्ट, सरदार सगळ्यांची भाषा फ्रेंच झाली. कोर्टातले वाद इंग्रजीत चालवा असा कायदा यायला १३६२ साल उजाडलं. म्हणून गव्हर्नमेंट, पार्लमेंट, जज, कोर्ट, प्रिझन हे सगळे फ्रेंचचे. आणि फ्रेंचही एक नव्हती, नॉर्मन लोकांची वेगळी आणि पॅरिसकडची वेगळी. नॉर्मन बोलीत जिथं डब्ल्यू, तिथं पॅरिसच्या फ्रेंचमध्ये जी. 'वॉरंटी' आणि 'गॅरंटी' ही जोडी त्यातलीच, तसेच 'वॉर्डन' आणि 'गार्डियन'. मला हे कळलं त्या दिवशी मी दोन्ही जोड्या वहीत लाल पेनाने लिहिल्या होत्या.

लॅटिन: हे समजायला शाळेतलं तत्सम-तद्भव आठवा. हस्त आणि हात, दुग्ध आणि दूध, एक थेट संस्कृतमधून उचललेला आणि दुसरा शतकानुशतकं बोलून झिजलेला. इंग्रजीतही अगदी तसंच आहे. 'फ्रॅजाइल' हा लॅटिनवरून पुस्तकी वाटेने आलेला आणि 'फ्रेल' हा त्याचाच फ्रेंच लोकांच्या तोंडी झिजून आलेला भाऊ. 'रीगल' आणि 'रॉयल' तसेच. पुस्तकी रूप जास्त औपचारिक वाटतं, हेही आपल्यासारखंच. कठीण शब्दाचा असा झिजलेला भाऊ सापडला की अर्थ पाठ करावाच लागत नाही.

ग्रीक: शास्त्रांचे शब्द. टेली म्हणजे दूर, फोटो म्हणजे प्रकाश, ग्राफ म्हणजे लिहिणं, बायो म्हणजे जीवन, ऑटो म्हणजे स्वतः. वीस-पंचवीस तुकडे पाठ करा, शेकडो शब्द फोडता येतील. फक्त सगळंच शुद्ध ग्रीक असेल असं धरून चालू नका, 'टेलिव्हिजन' मध्ये टेली ग्रीक आहे आणि व्हिजन लॅटिन.

३. उच्चारासाठी साल बघा

माझ्या मते हे सगळ्यात उपयोगाचं आहे आणि शिकवलं मात्र जवळजवळ जातच नाही.

'चीफ' आणि 'शेफ' घ्या. दोन्हींचा अर्थ मुळात 'मुख्य', दोन्ही फ्रेंचमधून आले, फ्रेंचमध्ये तो एकच शब्द आहे. मग एकात च आणि एकात श का? कारण जुन्या फ्रेंचमध्ये सी-एच चा उच्चार च होता, आणि १३ व्या शतकाच्या सुमारास फ्रेंच लोकांच्याच तोंडी तो श झाला. 'चीफ' त्या जुन्या उच्चारासकट इंग्रजीत येऊन बसला होता. 'शेफ' १९ व्या शतकात परत नव्याने घेतला, तो नवा श घेऊन. म्हणजे शब्द कधी घेतला ते साल कळलं की उच्चार सांगता येतो.

म्हणून सी-एच दिसला की तीन प्रश्न विचारा:

- इंग्रजीचा स्वतःचा किंवा जुना फ्रेंच? मग च. चाइल्ड, चेंबर, चेंज.
- अलीकडच्या शतकांतला फ्रेंच? मग श. मशीन, ब्रोशर, पॅराशूट.
- ग्रीक? मग क. कोरस, केमिस्ट्री, आर्किटेक्ट, केऑस.

शेवटच्या मुक्या अक्षरांचंही तेच. बॅले, बुफे, डेपो या सगळ्यांच्या शेवटी टी लिहितात पण बोलत नाहीत. 'कू' (सत्तापालट) च्या शेवटी पी, 'रॉन्देवू' च्या शेवटी एस (आणि मधला झेडही), 'कोर' (सैन्यदल) मध्ये तर पी आणि एस दोन्ही मुके. पण 'जॅकेट', 'बजेट' मधला टी मात्र ठणठणीत बोलायचा, कारण ते खूप आधी आले आणि इंग्रजीत मुरले. फ्रेंच म्हटलं की शेवटचं अक्षर खायचं, असा सरसकट नियम लावू नका. मी काही दिवस लावला होता आणि नव्या चुका होत होत्या, साल बघायला लागले तेव्हा थांबल्या.

हॉस्पिटल, हॉस्टेल, हॉटेल हे तिघे एकाच लॅटिन शब्दाचे. फ्रेंचमध्ये पुढे यातल्या एस चा उच्चार गेला. 'हॉस्टेल' त्याआधीचा म्हणून त्यात एस आहे, 'हॉटेल' नंतरचा म्हणून नाही.

ग्रीकसाठी थोडक्यात: सुरुवातीला पी-एस असेल तर पी मुका (सायकॉलॉजी), पी-एन असेल तरी पी मुका (न्यूमोनिया), फ ला पी-एच, आणि मध्ये इ किंवा आय च्या आवाजाला बऱ्याचदा वाय (सिस्टिम, सायकल). 'रिदम' मध्ये आर नंतर एच येतो तोही ग्रीकमुळेच. जर्मन शब्दांत डब्ल्यू चा व्ह होतो आणि शब्द जोडून लांब होतात. 'किंडरगार्टन' म्हणजे मुलांची बाग, जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रोबेलने १८४० ला दिलेलं नाव. त्याच्या स्पेलिंगमध्ये शेवटी इंग्रजी 'गार्डन' चा डी नसून टी आहे, तो मूळ जर्मन शब्दाचा.

४. अनेकवचनात फसू नका

शिकलेले लोकही इथं चुकतात. आपण सहज म्हणतो 'एक क्रायटेरिया', पण क्रायटेरिया हेच अनेकवचन आहे, एक असेल तर 'क्रायटेरियन'. तसंच फिनॉमिनन आणि फिनॉमिना, दोन्ही ग्रीक. लॅटिनमध्ये बॅक्टेरियम-बॅक्टेरिया, मीडियम-मीडिया. 'मी त्या कॉलेजचा ॲलम्नाय आहे' हे तर कायम दिसतं. एकटा मुलगा असेल तर 'ॲलम्नस', मुलगी असेल तर 'ॲलम्ना'.

पण उलटी चूकही होते. 'अजेंडा' लॅटिनमध्ये अनेकवचन होतं, आज इंग्रजीत ते एकवचन आहे आणि अनेकवचन एस लावूनच. 'ऑक्टोपस' च्या शेवटी यू-एस दिसलं म्हणून लोक लॅटिनच्या धर्तीवर 'ऑक्टोपाय' करतात, पण तो शब्द ग्रीक आहे, आठ पायांचा. सरळ ऑक्टोपसेस लिहा. 'व्हायरस' लॅटिन असूनही व्हायरसेसच.

आणि 'मंगूस'! अनेकवचन 'मंगूसेस'. 'गूस' चं 'गीस' होतं म्हणून इथं काही 'मंगीस' होत नाही, कारण त्या शब्दात बदक-हंस कोणीच नाही, तो आपला मराठी मुंगूस आहे. आपल्याला हे उत्तर घरबसल्या मिळतं.

५. आपल्या ओळखीच्या शब्दांवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका

आपल्याला वाटतं गुरू, पंडित, बंगला हे तर येतातच. पण शब्द घर सोडून गेला की तिकडे त्याचा अर्थ बदलतो, आणि परीक्षेत तिकडचा अर्थ विचारतात.

- 'पंडित': टीव्हीवर किंवा पेपरात मतं मांडणारा जाणकार.
- 'ठग': आपल्याकडे फसवणारा, इंग्रजीत मारहाण करणारा गुंड.
- 'जगरनॉट': जगन्नाथाच्या रथावरून. समोर येईल ते चिरडत जाणारी, न थांबणारी शक्ती. ब्रिटनमध्ये अवजड ट्रकलाही म्हणतात.
- 'बंगलो': ब्रिटनमध्ये एकमजली घर. मूळ अर्थ बंगालच्या पद्धतीचं घर.
- 'कॉट': आपल्या खाटेवरून. ब्रिटिश इंग्रजीत बाळाचा पलंग, अमेरिकन इंग्रजीत घडीचा पलंग.
- 'कुशी': खुशीवरून, पण अर्थ आरामाचा, फार कष्ट नसलेला, उदाहरणार्थ नोकरी.
- 'अवतार': १९८० च्या दशकापासून स्क्रीनवरचं आपलं रूप किंवा चित्र.

'शॅम्पू' ची गोष्ट मला सगळ्यात आवडते. हिंदी 'चांपो' म्हणजे दाबा, चेपा. १८ व्या शतकात इंग्रजीत गेला तेव्हा अर्थ अंग रगडणं, मालिश हाच होता. १९ व्या शतकाच्या सुरुवातीला पाटण्याहून गेलेल्या साके डीन महोमेद यांनी ब्रायटनला बाष्पस्नान आणि मालिशीचं केंद्र काढलं, ते इतकं नावाजलं की खुद्द राजाचे ते 'शॅम्पूइंग सर्जन' झाले. केस धुण्याचा अर्थ त्यानंतर चिकटला. आणि आज आपण बाटलीतला शॅम्पू हा इंग्रजी शब्द समजून वापरतो.

६. बाकीच्या भाषा एकेका ओळीत

यांना फार वेळ देऊ नका, एकेक ठळक शब्द पकडा आणि बाकीचे भेटतील तसे जोडत जा.

- अरबी: सुरुवातीचा 'अल' ही खूण. अल्जिब्रा, अल्कोहोल. 'अल्गोरिदम' मात्र ९ व्या शतकातले गणिती अल-ख्वारिझ्मी यांच्या नावावरून. 'झीरो' आणि 'सायफर' दोन्ही 'सिफ्र' वरून, आणि सिफ्र हे आपल्या 'शून्य' चं अरबी भाषांतर.
- इटालियन: संगीत आणि कला. पियानो, ऑपेरा, स्टुडिओ. 'क्वारंटीन' म्हणजे व्हेनिसमध्ये जहाजांना थांबवायचे ते चाळीस दिवस.
- स्पॅनिश: मॉस्किटो म्हणजे छोटी माशी, गरिला म्हणजे छोटं युद्ध. अमेरिकेतल्या मूळ भाषांचे शब्दही स्पॅनिशच्या हातून आले, टोमॅटो, हरिकेन, कनू. 'पोटॅटो' आणि आपला 'बटाटा' एकाच कॅरिबियन शब्दाचे, आपल्याकडे तो पोर्तुगीजांनी आणला.
- डच: बॉस, यॉट, डेक, स्केच.
- स्वाहिली: सफारी, म्हणजे प्रवास. मूळ अरबी, आपल्या 'सफर' चं भावंड.
- मलय: ओरांगउटान, म्हणजे जंगलातला माणूस.
- चेक: रोबॉट, वेठबिगारीच्या शब्दावरून, १९२० च्या एका नाटकातून.
- हवाईयन: विकी, म्हणजे झटपट.
- जपानी: त्सुनामी म्हणजे बंदरातली लाट. 'इमोजी' चा 'इमोशन' शी काही संबंध नाही, 'ए' म्हणजे चित्र आणि 'मोजी' म्हणजे अक्षर.

७. फॉरवर्ड झालेल्या कथा तपासा

शब्दांच्या कथा गोड असतात म्हणून पटकन पसरतात. 'कांगारू' म्हणजे 'मला माहीत नाही', हे तुम्हीही ऐकलं असेल. चूक आहे. १७७० ला इंग्रज दर्यावर्दी कुक आणि त्यांच्या जहाजावरचे निसर्गशास्त्रज्ञ बँक्स यांनी तो शब्द ऑस्ट्रेलियातल्या गुगू यिमिथिर भाषेतून टिपला, आणि तिथं 'गंगुरू' हे खरोखरच एका जातीच्या कांगारूचं नाव आहे. १९७० च्या दशकात भाषाशास्त्रज्ञ जॉन हॅविलंड यांनी त्या लोकांमध्ये काम करताना ते नक्की केलं. 'न्यूज' म्हणजे चार दिशांची आद्याक्षरं, हीसुद्धा थाप. तो 'न्यू' चाच अनेकवचनी प्रकार आहे.

आपल्याकडची खास चूक म्हणजे सारखा दिसला की संस्कृतमधून गेला असं ठरवणं. 'नेम' आणि नाम, 'ब्रदर' आणि भ्राता यांचं नातं खरं आहे, पण ते आई-मुलाचं नाही, भावंडांचं आहे. दोघांची पूर्वज भाषा एक होती. इंग्रजीने ते उसने घेतलेले नाहीत. 'नॅव्हिगेशन' हा 'नवगती' वरून आला असं फिरत असतं, तो लॅटिन 'नाविस' म्हणजे जहाज यावरून आलाय, आणि नाविस हा आपल्या 'नौ' चा चुलत भाऊ. कधी कधी तर काहीच नातं नसतं. 'बदनाम' मधला फारसी 'बद' आणि इंग्रजी 'बॅड', अर्थ एक, आवाज जवळजवळ एक, आणि संबंध शून्य. त्यामुळे दोन डिक्शनऱ्यांत दिसेपर्यंत वहीत पेन्सिलनेच लिहा.

८. वही अशी ठेवा

पानाला पाच रकाने: शब्द, कोणाकडून, साधारण कधी, देवनागरीत उच्चार, फसायची जागा. देवनागरीत उच्चार लिहिणं ही आपली मोठी सोय आहे, लिहितो तसं वाचतो, ते उच्चाराच्या चिन्हांचं शास्त्र शिकत बसावं लागत नाही. ॲपऐवजी कागद अशासाठी की पानं भाषेप्रमाणे वेगळी करता येतात. फ्रेंचचं पान उघडलं की सगळे फ्रेंच शब्द एकाखाली एक दिसतात आणि त्यांची वळणं डोळ्यात बसतात. माझी एक नोंद जशीच्या तशी:

डेब्री / फ्रेंच / १८ वं शतक / डे-ब्री / शेवटी एस लिहायचा, बोलायचा नाही, आणि अनेकवचन करायचं नाही.

रोज तीस नको, पाचच घ्या, पण पाचही रकाने भरून. आठवड्याच्या शेवटी फक्त पहिला रकाना उघडा ठेवून बाकी झाकायचं आणि 'कोणाकडून' ओळखायचा प्रयत्न करायचा. सुरुवात करायला हे दहा घ्या: चीफ, शेफ, डेपो, कोरस, क्रायटेरियन, फ्रेल, वॉर्डन, झीरो, जगरनॉट, मंगूस. पहिले दोन शेजारी शेजारी लिहा.